भिंतीवरचं पिवळं

दादा,

तुझ्या जलदानविधीला कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर आले होते आणि ते बोललेही. "गायकवाड म्हणजे फुलांवर जीव लावणारा माणूस," असं म्हणाले. मी वहिनीला लागून बसले होते. हसू आवरेना म्हणून पदर तोंडाशी नेला, तर मागच्या बायकांना वाटलं, बहिणीला भरून आलं. त्यातल्या एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

तू आणि फुलांवर जीव. तू फुलं फाडायचास. टाचणीनं पाकळ्या सोडवायचास, पुंकेसर मोजायचास, बीजकोश अंगठ्याच्या नखावर ठेवून ब्लेडनं आडवा कापायचास आणि उरलेलं विजारीला पुसायचास. फुलं आवडणाऱ्या माणसांची तुला शिसारी होती. "त्यांना नाव विचार," म्हणायचास. "एकाचं सांगता यायचं नाही. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यावर जीव लावतात म्हणे."

मॅनेजरांच्या नंतर गुलाबप्रदर्शन भरवणारे एक गृहस्थ उठले. त्यांनी तुला गुलाबाची उपमा दिली, मग काट्यांचं काहीतरी जुळवायला गेले, ते जमलं नाही तसे खाली बसले. तुझ्या फोटोला ग्लॅडिओलाच्या फुलांचं चक्र टेकवलं होतं, तुझ्याच वाफ्यातले दांडे तोडून केलेलं. त्या फुलाला तू 'लग्नातला बँडवाला' म्हणायचास. हे तिथं कुणाला ठाऊक असणार? इतकी वर्षं कंपनीच्या बागांचा अधिकारी म्हणून तू त्यांच्यात वावरलास आणि त्यांच्या हाती एवढाच लागलास. दोष त्यांचा, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण त्यांना दाखवायला तूच एक निराळा माणूस तयार केला होतास, हिरवळीसारखा सारखा कापलेला, गुळगुळीत. त्या माणसाची शोकसभा त्यांनी खुशाल करावी. मला तो कधी आवडला नाही. मी दुसऱ्याशी बोलतेय.

बासष्ट साली तू बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतास आणि मी आठवीत. आपण सांगवीत राहायचो. आबा खडकीच्या कारखान्यात जायचे, त्यांची सायकल रविवारी तुझी. नदीच्या उताराला एक जुनी दगडी भिंत होती. बायका तिच्या पायथ्याशी धुणं धुवायच्या. थंडी पडली की तिच्या फटींतून पिवळी फुलं यायची, नखाएवढी, दोन ओठ उघडल्यासारखी. सगळी वस्ती त्या भिंतीशी रोज वाकायची, पण फुलाला कुणी नाव दिलं नव्हतं. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "भिंतीवरचं पिवळं. आनि काय?"

तू मला तिथं नेलंस आणि विचारलंस, "किती जातींची आहेत ही?"

"एकाच."

"बावळट आहेस. समोरून काय बघतेस? समोरून सगळीच हसतात. मागून बघ."

मागून पाहिलं. एका फुलाला मागं बारीक शेपटी होती, दुसऱ्याला नव्हती. शेपटीचं झाड दोऱ्यासारख्या फांद्यांनी खाली लोंबत होतं, त्याची पानं बाणाच्या टोकासारखी. दुसरं ताठ उभं, अंगभर मऊ लव, पानं करवती, प्रत्येक पानाच्या काखेत एकेक फूल. एकदा दिसल्यावर ती दोन एक कशी वाटली होती, तेच मला कळेना. पहिल्याचं नाव आपण 'लोंबतं' ठेवलं, दुसऱ्याचं 'केसाळ'. केसाळचं शास्त्रीय नाव लिंडेनबर्जिया असं जडजंबाल होतं. ते तू मला तोंडपाठ करायला लावलंस आणि एकदा चुकले तर दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस.

तुझं शिकवणं म्हणजे अपमानच असायचा. आज मी ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझी पोरं गाइडातून फुलांच्या आकृत्या उतरवतात, खिडकीबाहेरचं फूल तोडून बघायचं त्यांच्या मनातही येत नाही. मी त्यांना बावळट म्हणत नाही. नम्रपणे समजावते. त्यांना काही येत नाही.

मग रविवार सुरू झाले. मी सायकलच्या कॅरिअरवर, गळ्यात पत्र्याचा डबा. आई म्हणायची, "पोरीला घिऊन रानोमाळ कुठं हिंडतोस? लोक काय म्हंतील?" तू म्हणायचास, "लोक काहीच म्हणत नाहीत आई, लोक बघतच नाहीत." आपण चिंचवडचा घाट पाहिला, पुनावळ्याच्या पडक्या भिंती पाहिल्या. कुणाच्या तरी गोठ्याच्या भिंतीला नाक लावून उभे राहिलो आणि कुत्रं मागं लागलं. आजूबाजूला कंपन्यांच्या कुंपणाच्या तारा पडत होत्या, माळावर खुणेचे दगड रोवले जात होते. आपल्याला त्याचं काही नव्हतं. आपल्याला फक्त जुन्या भिंती दिसत होत्या. सगळीकडे तीच दोन, लोंबतं आणि केसाळ.

तिसरं सापडलं ते तळवड्याच्या पलीकडच्या एका वस्तीत. वस्तीचं नाव मी लिहीत नाही, आता ती उरलेलीही नाही. तिथं पायऱ्यांची मोठी दगडी विहीर होती. आतल्या भिंतीवर, पाण्यापासून हातभर वर, पिवळे तुरे दिसत होते. पानाच्या काखेत एकेक फूल नव्हे, शेंड्याला वीतभर लांब, भरगच्च तुरा. तू सायकल टाकलीस. मी तुझ्या मागून पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात झाडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हाक मारली.

"कुनाचं तुमी?"

"सांगवीचे."

"सांगवीचं म्हंजी कुनाचं?"

तू सांगितलंस, सरळ, आवाज न चढवता. बौद्ध.

"मंग पायऱ्या उतरू नका," म्हातारा म्हणाला. त्यात राग नव्हता. कोणती गाडी कुठं जाते ते सांगावं तसं सांगितलं त्यानं.

"उतरत नाही," तू म्हणालास. "आम्हाला पाणी नको, भिंत पाहिजे."

तो हसला. त्याला वाटलं, पोरगं येडं आहे. तू विहिरीच्या काठावर पालथा झोपलास, अर्धा आत लोंबलास, मी तुझ्या घोट्यांवर बसले आणि तू हात पोचेल तेवढे तुरे खुडून वर दिलेस. तुझा सदरा फाटला. परत येताना तू एक अक्षर बोलला नाहीस. मला वाटलं, म्हाताऱ्याचं लागलं असेल. पिंपरीच्या फाटकाशी थांबून तू डबा उघडलास आणि म्हणालास, "ही वेगळी जात आहे, शकू."

मी म्हटलं, "केसाळच आहे. विहिरीच्या ओलाव्यानं वाढलंय, एवढंच. सावली आहे, पाणी आहे, फांदी लांबली आणि फुलं दाटली."

मी तेव्हा दहावीत होते आणि मला पहिल्यांदाच स्वतःचं मत झालं होतं. तू चिडलास. मग आपण भांडलो ते दोन हिवाळे. जेवताना, भांडी घासताना, आबा रेडिओ ऐकत असताना. शेवटी तू रॉकेलचे डबे आडवे कापलेस, जुन्या भिंतीचा चुना आणि नदीची वाळू कालवलीस आणि तपकिरीसारखं बारीक बी पेरलंस. एका डब्यात केसाळ, एका डब्यात तुरेवालं. शेजारी शेजारी, एकाच उन्हात, एकाच लोट्यानं पाणी. आईनं डब्यांवरून पुष्कळ बोलून घेतलं. पुढच्या हिवाळ्यात केसाळनं काखेत फुलं काढली आणि तुरेवाल्यानं तुरा काढला. तू मला मानगुटीला धरून डब्यांपुढं उकिडवं बसवलंस.

"आता बोल. ओलावा कुठाय?"

"नाही."

"मोठ्यानं बोल."

"ओलाव्याचा संबंध नाही. वेगळी जात आहे."

तुझा चेहरा मला आठवतो. इतका आनंदी माणूस मी नंतर पाहिला नाही, आणि इतका दुष्टही. मी हरले होते, तरी मला आनंद झाला होता हे तुला सांगायचं राहून गेलं. ते मी तुला कधी सांगितलंही नसतं. तू आणखी चढला असतास.

पुढं तू एम. एस्सी. अर्धवट सोडलीस आणि कंपनीत लागलास. आबा थकले होते, घर तुझ्यावर आलं, हे मला कळत होतं. पण तू ते काम ज्या उत्साहानं केलंस तो मला कळला नाही. हिरवळ. कर्दळीच्या रांगा. फाटकापाशी झेंडूत लिहिलेलं कंपनीचं नाव. मोठ्या साहेबांच्या बायकोला निळा गुलाब हवा होता म्हणून तू तिला समजावत बसलास. मी एकदा तुला भेटायला आले तर तू माळ्यांकडून पायवाटेच्या फटींतलं गवत उपटून घेत होतास. फटींतलं. तुला मी ते बोलूनही दाखवलं. तू म्हणालास, "पगार फटींत उगवत नाही." वाक्य चांगलं होतं, तुझी वाक्यं नेहमीच चांगली असत. त्यांच्यामागं लपायला तुला छान जमायचं.

तरी रविवार चालू होते. तुझं लग्न झालं तरी चालू राहिले. वहिनी डबा द्यायची आणि म्हणायची, "ताई, यांना ऊन चढायच्या आत परत आणा." दरवर्षी एकदा आपण विहिरीवर जायचो, काठावरूनच वाकून बघायचो आणि परत यायचो. तुरेवालं दुसरीकडे कुठंही सापडलं नव्हतं.

मग कंपनीनं ती जमीन घेतली. सुट्या भागांची नवी शेड उभी राहायची होती आणि विहीर बरोबर मधे येत होती. वस्तीतले लोक विहीर बुजवू देईनात, कारण उन्हाळ्यात गुरांना तेवढंच पाणी होतं. मी त्यांच्यासाठी नव्हे, झाडासाठी मॅनेजरसाहेबांना भेटले आणि सांगितलं की त्या भिंतीवर या सगळ्या भागात दुसरीकडे नसलेलं झाड आहे. त्यांनी ऐकून घेतलं. तेच साहेब, तुझ्या जलदानविधीला बोलले ते. बोलणं तयार करून येणारा माणूस, पण दुष्ट नव्हे.

देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. तू साहेबांच्या गाडीतून आलास, मी माझी बसनं आले. तो म्हातारा अजून होता. आता त्याला नीट दिसत नव्हतं. तू आलास तसा तो उठला, खालचं पोतं झटकलं आणि म्हणाला, "बसा साहेब." त्यानं तुला ओळखलं नाही. तू त्याला ओळखलंस, हे मला तुझ्या मानेवरून कळलं.

"साहेब, इहीर ऱ्हाऊ द्या," म्हातारा तुला हात जोडून म्हणाला. "गुरं हितंच येत्यात. बाकी आमी काय मागत न्हाई."

मॅनेजरांनी तुझ्याकडे पाहिलं. "गायकवाड, तुमच्या सिस्टर म्हणतात इथे दुर्मीळ झाड आहे. इंजिनिअरनं दुसराही नकाशा केलाय, शेड थोडी सरकवता येते. पण मला वर कारण द्यावं लागेल. आहे का तसं काही? तुम्ही यातले जाणकार."

तू उठलास. विहिरीपाशी गेलास. त्या दिवशी पायऱ्या उतरताना तुला कुणी अडवलं नाही. एक तुरा तोडलास, बोटांत फिरवलास, वर आलास.

"विशेष काही नाही साहेब. चिंचवडच्या घाटावर असलं पोत्यानं मिळेल. तेच आहे. ओलाव्यानं जरा वाढलंय."

ओलाव्यानं. माझा मुद्दा, दादा. दहावीतल्या पोरीचा मुद्दा, जो तू मानगुटीला धरून माझ्याकडून मागं घ्यायला लावला होतास. खोटं बोलायला तुला स्वतःचं वाक्यही सुचलं नाही.

मी म्हटलं, "दादा, आणि डबे?"

तू म्हणालास, "शकू, घरच्या गोष्टी इथे नको."

विहीर फाउंड्रीच्या काळ्या वाळूनं भरली. ट्रक येत होते तेव्हा मी जाऊन उभी राहिले. गुरांचं काय झालं ते विचारलं नाही. वस्तीतली माणसं हळूहळू पांगली. काही त्याच शेडमध्ये कामाला लागली.

त्या बुद्धपौर्णिमेला आईकडे खीर होती. मी सगळ्यांसमोर तुला 'साहेबांचा माळी' म्हटलं. तू वाटी खाली ठेवलीस. "माळी ही शिवी करू नकोस. माळ्याला झाड कळतं."

"मग तुला दुसरं काय म्हणू?"

आई मधे पडली. "झाडावनं भांडतात व्हय कुनी? लोक वाटण्यांवनं भांडत्यात. तुमाला वाटायला काय न्हाई म्हून गवतावनं भांडताय." तिचं बोलणं ऐकून वहिनी हसली, आपण दोघं हसलो नाही.

त्यानंतर रविवार संपले. तू का तसं बोललास, हे मला तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही किळसेपोटी विचारलं नाही. तर्क मात्र केले. त्या वर्षी कंपनीत कपात चालली होती आणि वहिनीला दिवस गेले होते, तेव्हा भ्याला असशील. भित्रेपणाची मला चीड आहे, पण तो कळतो. किंवा म्हाताऱ्याला उत्तर दिलंस. कुनाचं तुमी, याचं उत्तर, इतक्या वर्षांनी, त्याच विहिरीच्या काठावर. तसं असेल तर ते त्याच्या तोंडावर द्यायचं होतंस. मी तुझ्या शेजारी उभी राहिले असते, मी तर टाळ्या वाजवल्या असत्या. एका बिनबोलत्या झाडाच्या खांद्यावर बंदूक ठेवलीस, हे मला सहन झालं नाही. नखाएवढ्या फुलाला खोटं पाडून कुणाचा सूड घेतात?

तरी तुझ्याशिवाय मला कुणी शिकवलं नाही, हे मी नाकारत नाही. कॉलेजात माझ्यासोबत शिकलेल्यांपैकी एकालाही भिंतीपाशी थांबता येत नाही. सेमिनारांत मी माणसं पाहते. स्लाइड लावतात, टाय लावतात, आणि चुकीच्या झाडाखाली बरोबर नाव लिहितात. मी मनात म्हणते, बावळट, मागून बघ. तुझाच आवाज असतो तो. माझ्या डोक्यात सगळ्या जगाविषयी जी तुच्छता भरलीय, ती तुझ्याकडून आलेली आहे. इतर बहिणींना भावांकडून दागिने मिळतात, मला हे मिळालं. मी ते अंगावरून कधी उतरवलं नाही. फक्त ते मला तुझ्यावरच वापरावं लागलं, यात माझा काय इलाज?

मग तुला हृदयविकाराचा पहिला झटका आला आणि मी दवाखान्यात आले. दुपारची भेटायची वेळ होती. खिडकीत कुणीतरी प्लास्टिकची फुलं ठेवली होती. मी ती खाली ठेवली, तू डोळ्यांनी शाबास म्हणालास. थोडा वेळ वहिनीविषयी, औषधांविषयी झालं. मग तू म्हणालास, "ते डबे काही पुरावा नव्हता."

कोणते डबे, असं मी विचारलं नाही. इतक्या वर्षांनंतरही आपल्या घरात डबे म्हणजे तेच.

"एकच अंगण," तू म्हणालास. दम लागत होता, पण मुद्दे क्रमानं येत होते. "बी सगळं कदाचित एकाच झाडाचं. एका झाडाची पोरं त्याच्यासारखी निघाली म्हणजे जात ठरत नाही. मी पोरगा होतो. जिंकायची घाई होती मला."

"म्हणजे त्या दिवशी ओट्यावर तू खरं बोललास."

"ठरलं नव्हतं, एवढंच म्हणतोय."

"ठरलं नाही असं तू म्हणाला नाहीस. तेच आहे, असं म्हणालास."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलास. नर्सनं येऊन वेळ संपल्याचं सांगितलं. मी पिशवी उचलली तसे तू डोळे न उघडता बोललास.

"दोन असतील, तर कुठल्या तरी एका भिंतीवर दोन्ही एकत्र असतील. एकाच फटीत, मुळाला मूळ लागून, एकाच ओलाव्यात. आणि थोडं हे थोडं ते, असं मधलं एकही झाड नसेल. तशी भिंत दाखव. कबूल करतो."

"काय कबूल करशील? जात, की बाकीचं?"

"आधी भिंत दाखव."

हे आपलं शेवटचं बोलणं. दुसऱ्या झटक्यानं तुला ते पूर्ण करायला वेळ दिला नाही. मी जिना उतरताना म्हणत होते, मरणाच्या दारातही हा माणूस पळवाट शोधतोय, काय निर्लज्ज आहे. आजही मी तो शब्द मागं घेत नाही. पण तुला खरंच शंका आली होती की तू शंकेचं सोंग घेतलं होतंस, हे मला सांगता येत नाही. तू मला फुलं ओळखायला शिकवलंस. तुला ओळखायला काही शिकवलं नाहीस.

तुझ्या जलदानविधीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मला चाकणला जावं लागलं. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून. सुट्टी घ्या म्हणाले होते, मी घेतली नाही. पोरांनी जास्वंदाला धोतरा म्हटलं, मी गुण दिले. परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून भुईकोटाच्या बाजूनं चालत गेले. मागच्या अंगाला, ढासळलेल्या तटाशी, एक बाई गोवऱ्या थापत होती. तिच्या गोवऱ्यांच्या वरच्या बाजूला भिंत पिवळी झाली होती.

केसाळ होतं. आणि त्याच्या शेजारी तुरेवालं होतं. मी चष्मा पुसला. एकाच फटीत, दादा, एकाच दगडाखाली, दोघांची मुळं एकमेकांत. एकाच्या काखेत फुलं, दुसऱ्याच्या शेंड्याला वीतभर तुरा. मी तट धरून चालू लागले. प्रत्येक झाड पाहिलं. काही केसाळ, काही तुरेवाली, अर्धवट, मधलं, घोटाळ्यात टाकणारं एकही नाही. तटाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

बाई हात धुवून बघत उभी होती. "काय हुडकताय बाई?"

"मधलं."

"कशाच्या मधलं?"

"या दोन झाडांच्या. ते नाहीये, याची खात्री करतेय."

"न्हाई ते हुडकताय व्हय," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

मी तिथं बराच वेळ उभी राहिले. घेतलं काही नाही, तोडलं काही नाही. घरी येऊन वहिनीला सांगितलं, तेव्हा ती चहा गाळत होती. तिनं विचारलं, "म्हणजे ते चुकले होते?" मी हो म्हटलं. गाळणं बाजूला ठेवून ती म्हणाली, "मग बरं झालं ना ताई. तुमच्यापाशी हरले. त्यांना चाललं असतं."

वहिनी तुझ्याबरोबर इतकी वर्षं राहिली आणि तिलाही तू कळला नाहीस. तुला अजिबात चाललं नसतं. तू काही कबूल केलं नसतंस, ना जात, ना बाकीचं. तू काहीतरी मुद्दा काढला असतास, आणि तो चांगला असता. चाकणहून परतताना एसटीत बसल्यापासून मी तोच शोधत होते. तटाचं वय काढलं, वारा काढला, कोवळं झाड आणि जून झाड काढलं, कुणीतरी बाहेरून बी आणून टाकल्याचंही काढलं. प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर होतं. मोशी गेली, भोसरी आली, नाशिक फाट्याला कंपन्यांची शिफ्ट सुटली होती, गाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि माणसांच्या त्या रेट्यात उभी राहून मी तुझ्या बाजूनं भांडत होते, आणि हरत होते.